नऊ भांडी

शहापूर तालुक्यात माहुलीच्या डोंगराखाली एका पाड्यात एक म्हातारी राहत होती. घरात ती आणि तिचा नातू, दोघंच. नातवाचे आईबाप लवकर गेले होते. म्हातारीनं त्याला वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. भाताची थोडी खाचरं होती, एक म्हैस होती, परसात शेवगा होता आणि वालाचा वेल होता. भात झोडून झालं की पाड्यातली तरणी पोरं कामाला बाहेर पडत. कुणी वीटभट्टीवर जाई, कुणी आसनगावकडच्या कारखान्यात. नातू भिवंडीच्या गोदामात लागला.

गोदामात खोकी उतरवायची, खोकी चढवायची. रात्री एका खोलीत दहा जण झोपत. खोलीला एकच खिडकी होती आणि डास येतात म्हणून ती बंद असे. दोन वर्षं त्यानं तिथं काढली. दर महिन्याला आजीला पैसे पाठवले, एकदा पावसाळ्यापूर्वी घरावर नवी कौलं घातली.

तिसऱ्या दिवाळीला तो घरी आला, तेव्हा दारात उभ्या असलेल्या पोराला ओळखायला म्हातारीला क्षणभर वेळ लागला. गाल आत गेले होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता. रात्री त्याचा खोकला थांबेना.

“धुळीचा खोकला आहे गं आजी. जाईल.”

म्हातारी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती पाड्यात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना घेऊन आली. ताईंनी त्याला समोर बसवलं. खोकला किती दिवसांचा, संध्याकाळी कणकण येते का, रात्री घाम सुटतो का, भूक कशी आहे, असं एकेक विचारत गेल्या. मग पिशवीतून एक झाकणाची डबी काढून दिली. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल खोकून, बेडका यात घ्यायचा.

तपासणीत क्षय निघाला.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचं वजन केलं. त्रेचाळीस किलो भरलं. वजनाप्रमाणे रोज तीन गोळ्या, सकाळी उपाशीपोटी. दोन महिन्यांनी गोळ्या बदलतील. एकूण सहा महिने. लघवी केशरी होईल, त्याला घाबरायचं नाही. मळमळ जास्त झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच यायचं. खोकताना तोंडावर फडकं धरायचं आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या.

“सहा महिने?” नातू म्हणाला. “एवढे?”

“तुझ्या छातीतले काही जंतू जागे आहेत,” बाई म्हणाल्या. “ते लवकर मरतात. महिना दीड महिन्यात तुला वाटेल, आपण बरे झालो. पण काही जंतू निजलेले असतात. ते सावकाश मरतात. मध्येच गोळी सोडलीस तर तेच उठतात, आणि मग याच गोळ्यांना ते दाद देतीलच असं नाही.”

म्हातारीनं ते सगळं ऐकलं. तिला लिहिता येत नव्हतं. घरी आल्यावर तिनं चुलीमागची भिंत शेणानं सारवून घेतली आणि वाटीत गेरू कालवून ठेवला. सकाळी नातवानं गोळ्या गिळल्या की ती भिंतीवर एक उभी रेघ ओढी.

पाड्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारीण ताकाला येईनाशी झाली. नातवाचे मित्र ओटीवर यायचे ते रस्त्यावरूनच हाक मारून पुढे जाऊ लागले. आशाताई मात्र दर आठवड्याला यायच्या, ओटीवर बसायच्या, चहा घ्यायच्या. बघणाऱ्यांनी ते बघितलं.

काही दिवसांनी कल्याणहून एक चुलत मामा भेटायला आले. त्यांनी सफरचंदं आणली होती आणि पुष्कळ माहिती आणली होती.

“याला गव्हांकुराचा रस द्या,” ते म्हणाले. “रक्त वाढतं. आमच्याकडे लोक विकत घेतात. आणि त्या गोळ्या फार गरम पडतात. महिनाभर घ्या नि मग नुसत्या रसावर ठेवा. बघा कसा टुणटुणीत होतो.”

मामा संध्याकाळच्या गाडीनं गेले. म्हातारी रात्रभर विचार करत होती. सकाळी ती आशाताईंकडे गेली आणि ताईंनी दवाखान्यात फोन लावून दिला.

“रस द्यायला माझी हरकत नाही, आजी,” बाई म्हणाल्या. “स्वच्छ करा, ताजा द्या. गोळी आधी, रस मागाहून, खाण्याबरोबर. अंडं द्या, डाळ द्या, नाचणीची भाकरी द्या, परवडेल तेव्हा सुकट द्या. पण एक धरून ठेवा. जंतू मारते ती गोळी. गहू जंतू मारत नाही.”

म्हातारीनं मान हलवली. तिच्या मनातलं उत्तर तिला मिळालं होतं.

आता गहू हवा होता. त्या बाजूला पिकतो तो भात, नाचणी, वरई. गहू यायचा रेशनवरून, आणि घरातला रेशनचा गहू जुना होता, निम्म्याला किडा लागलेला. तिनं मूठभर भिजवून पाहिला. मोड आले ते दहात चार दाण्यांना. शेजारचा पोरगा बाजारातून बियाण्याचा गहू घेऊन आला. पिशवी उघडली तर दाणे गुलाबी रंगाचे.

“हा शेतात पेरायचा,” म्हातारी म्हणाली. “याला औषध चोळलेलं असतं. हा माणसाच्या पोटासाठी नाही.” तिनं पिशवी बांधून परत दिली आणि हात दोनदा धुतले.

तिचं माहेर मुरबाड तालुक्यात होतं. भावाला निरोप गेला. भावानं माळशेज घाटावरच्या एका शेतकऱ्याकडचा नवा, बिनपावडरीचा गहू मिळवला आणि पोतडीत भरून एस.टी.नं पाठवून दिला. दाणा टपोरा होता. मुठीत धरला की जड लागे.

मग भांडी. कुंड्या विकत आणायला पैसे नव्हते. म्हातारीनं परसात फिरून भांडी जमवली. फुटक्या मडक्यांची दोन बुडं, तेलाचा आडवा कापलेला डबा, गळकं घमेलं, कान तुटलेली परात, असं करता करता नऊ झाली. बुडाला भोकं नव्हती तिथं खिळ्यानं पाडली. शेतातली माती आणली, कुजलेलं शेणखत चाळून तिच्यात मिसळलं आणि भांड्यांत चार बोटं भरली. घराच्या उगवतीच्या बाजूला पडवी होती. तिथं सकाळचं कोवळं ऊन येई आणि दुपारी सावली असे. भांडी तिथं ओळीनं मांडली.

नातू बघत होता. “नऊच का?”

“नवरात्रात घट किती दिवस बसतो?”

नातू हसला. दरवर्षी घटाखाली पेरलेलं धान तो पाहत आला होता. नवव्या दिवसापर्यंत ते वीतभर होई आणि दसऱ्याला त्याचे तुरे टोपीत खोवले जात. म्हातारीचं सारं आयुष्य ते धान पेरण्यात गेलं होतं. तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

“मग आजच नऊही पेरून टाकू,” तो म्हणाला. “काम संपेल.”

“एकदम पेरलंस तर एकदम उगवेल. त्या दिवशी म्हशीलाही पुरेल एवढं होईल. दुसऱ्या दिवशी काय पिशील? हा रस उद्यासाठी ठेवता येत नाही. रोज एक पेरायचं, म्हणजे नऊ दिवसांनी रोज एक मिळेल.”

आणि तसं सुरू झालं. रात्री मूठभर गहू धुऊन भिजत घालायचा. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचा. दुसऱ्या सकाळी फडकं सोडलं की पांढरे मोड दिसत. ते मातीवर पसरायचे, दाण्याला दाणा लागेल इतके दाट, पण दाण्यावर दाणा नको. वरून मातीचा पातळ थर, त्यावर ओलं गोणपाट. कोंब वर आले की गोणपाट काढायचं. पाणी हातानं शिंपडायचं, ओतायचं नाही.

पहिलं भांडं वाया गेलं. नातवानं मायेनं पाणी जास्त घातलं होतं. चौथ्या दिवशी दाण्यांवर पांढरं जाळं धरलं. म्हातारीनं जाळं नाकाशी नेलं आणि सगळं उकिरड्यावर टाकलं. मग दुसऱ्या भांड्यातलं एक रोप उपटून त्याला दाखवलं. मुळांवर बारीक पांढरी लव होती.

“ही मुळांची लव. ही असायचीच. हिला मातीचा वास येतो. बुरशीला कुबट वास येतो. डोळा फसेल, नाक फसणार नाही.”

नवव्या दहाव्या दिवशी पात्या वीतभर झाल्या. म्हातारीनं मुळाच्या वरून त्या कातरीनं कापल्या, दोन पाण्यांनी धुतल्या, पाट्यावर वाटल्या आणि फडक्यातून पिळल्या. एवढ्या हिरव्या भाऱ्यातून निघाला तो अर्धी वाटी रस. नातवानं नाक मुरडलं आणि पिऊन टाकला. रिकाम्या झालेल्या भांड्यातली मुळं काढून म्हातारीनं म्हशीपुढे टाकली, माती मोकळी केली, मूठभर खत घातलं, आणि त्याच सकाळी त्यात नवे मोड पेरले.

थंडी वाढली. माहुलीच्या सुळक्यांवर सकाळी धुकं उतरू लागलं. रोज पहाटे म्हातारी उठे, आधी गोळ्या, मग भिंतीवर रेघ, मग पडवीत जाऊन एक भांडं कापायचं आणि एक पेरायचं. नातवाची भूक उघडली. ताप गेला. महिन्यानं वजन दोन किलो वाढलं, पुढच्या महिन्यात आणखी तीन. खोकला इतका कमी झाला की एका रात्री म्हातारी शांततेनंच जागी झाली आणि उठून त्याच्या अंगावर हात ठेवून आली. शेजारीण पुन्हा ताकाला येऊ लागली.

पौष पौर्णिमा आली. मुरबाड तालुक्यात म्हशाला म्हसोबाची मोठी जत्रा भरते. गुरांचा बाजार भरतो, घोंगड्यांची दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात. म्हातारी दरवर्षी जत्रेला माहेरी जायची. यंदा ती जायला तयार नव्हती. नातवानंच आग्रह केला. भावानं गहू पाठवला होता, त्याला भेटायला हवं होतं. शिवाय नातू बरा होण्यासाठी ती म्हसोबाला नारळ बोलली होती.

“तीन दिवसांनी येईन,” ती म्हणाली. “तुला दोनच कामं. सकाळी गोळ्या घ्यायच्या आणि रेघ ओढायची. आणि एक भांडं कापून एक पेरायचं. उद्याचे मोड फडक्यात बांधून ठेवलेत. परवाचा गहू भिजत घातलाय. त्यापुढचा तू रात्री भिजव.”

“जा गं तू. मी काय लहान आहे?”

ती गेली. त्या संध्याकाळी भिवंडीहून मुकादमाचा फोन आला. गोदामात काम वाढलं होतं, माणसं कमी पडत होती, रोज शंभर रुपये जास्त देणार होता. “बरा झालास ना आता?” मुकादम म्हणाला. नातवानं आरशात पाहिलं. गाल भरले होते. तो म्हणाला, “बरा झालो.”

दुसऱ्या सकाळी तो उशिरा उठला. गोळ्या हातात घेतल्या आणि परत ठेवल्या. गोळ्यांनी तोंडाची चव जाई, पोटात ढवळे. आता खोकला नव्हता, ताप नव्हता, घाम नव्हता. मग कशासाठी? एक दिवस सोडून बघू, असं त्याला वाटलं. दिवसभर काहीच झालं नाही. उलट तोंडाला चव आली. दुसऱ्या दिवशीही सोडल्या. तिसऱ्या दिवशीही.

पडवीत जाऊन भांडं कापणं मात्र त्यानं रोज केलं, कारण रसाची त्याला सवय लागली होती. पेरणं राहून गेलं. फडक्यातले मोड फडक्यातच राहिले. भिजवलेला गहू आंबला. ओळीतली सहा भांडी हिरवीगार होती, तीन रिकामी होती, आणि हिरव्याकडे पाहिलं की रिकाम्याकडे लक्ष जात नव्हतं.

तिसऱ्या दुपारी त्याला भिंत आठवली. त्यानं गेरू कालवला आणि एका दमात तीन रेघा ओढल्या. न घेतलेल्या नऊ गोळ्या कागदात गुंडाळून त्यानं कौलाखाली आढ्याच्या फटीत सारल्या.

म्हातारी दिवेलागणीला आली. तिच्या पिशवीत त्याच्यासाठी नवी घोंगडी होती आणि म्हसोबाचा प्रसाद होता. तिनं पाय धुतले, चुलीकडे गेली, भिंतीकडे पाहिलं. तीन रेघा एकाच ओल्या गेरूच्या होत्या, एकाच उंचीच्या, अजून पुरत्या वाळल्याही नव्हत्या. पडवीतून आंबूस वास येत होता. तिनं फडकं सोडलं, आतला गहू उकिरड्यावर टाकला, फडकं उकळत्या पाण्यातून काढून दोरीवर घातलं.

नातू तिच्या तोंडाकडे पाहत होता. ती जत्रेच्या गोष्टी सांगत राहिली. बैलांच्या जोड्या कशा होत्या, भावाची नात केवढी झाली. झोपण्यापूर्वी तिनं मूठभर गहू धुऊन भिजत घातला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतः त्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या आणि त्यानं मुकाट्यानं घेतल्या. अजून हिरवी भांडी होती. रोज एक कापलं जात होतं. रोज रस मिळत होता. आठवडा गेला. नातवाला वाटलं, काहीच बिघडलं नाही. त्यानं मुकादमाला कळवलं की पुढच्या सोमवारी येतो. गोळ्या तिकडे नेऊन कुणाला दाखवायच्या, त्या इथंच राहतील, असं त्यानं मनात ठरवून टाकलं होतं.

मग एका सकाळी त्यानं गोळ्या घेतल्या, भाकरी खाल्ली आणि वाटीसाठी हात पुढे केला. म्हातारीनं वाटी दिली. वाटी रिकामी होती.

“आज रस नाही?”

“आजचं भांडं रिकामं आहे.”

तो पडवीत गेला. नऊपैकी एकही कापण्याजोगं नव्हतं. काहींत बोटभर कोंब होते, काहींत नुसती माती होती. तो परत आला आणि काही बोलला नाही.

दुसऱ्या सकाळी वाटी रिकामी होती. तिसऱ्या सकाळीही. चौथ्या सकाळी त्यानं वाटी हातात घेतली, पाहिली आणि खाली ठेवली.

“आजी, मी तीनच दिवस पेरलं नव्हतं. आज चौथी सकाळ रिकामी का?”

आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“मी आले त्या रात्री गहू भिजवला,” ती म्हणाली. “भिजायला रात्र लागली, मोड यायला दिवस लागला. चुकलेलं पुन्हा धरायचं म्हणजे चुकलं त्याच्याहून थोडं जास्तच जातं.”

“तुला त्याच दिवशी कळलं होतं?”

“त्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“त्या दिवशी तुझी वाटी भरलेली होती. भरल्या वाटीपुढे माझं कोण ऐकणार?”

बराच वेळ चुलीतली लाकडंच काय ती तडतडत होती. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. नातवानंही पाहिलं. तीन रेघा अजून बाकीच्यांपेक्षा गडद होत्या.

“भिंतीवर रेघ मागाहून ओढता येते, बाबा,” म्हातारी म्हणाली. “गहू मागाहून पेरता येत नाही.”

नातू उठला. त्यानं कौलाखालचा कागद काढला आणि तिच्यापुढे उघडला. नऊ गोळ्या होत्या. मग त्यानं ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरच्या त्या तीन रेघा पुसल्या. पुसलेल्या जागी भिंत ओली दिसत राहिली.

तो एकटाच आशाताईंच्या घरी गेला आणि सगळं सांगितलं. मुकादमाचा फोन, गोळ्या, रेघा, सगळं. ताईंनी ऐकून घेतलं, चप्पल पायात घातली आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुन्हा बेडका तपासला. तो स्वच्छ निघाला. बाईंनी हिशेब केला, कागदावर लिहिलं.

“चुकलेले दिवस शेवटी वाढवून घ्यायचे,” त्या म्हणाल्या. “तीनच दिवस चुकल्यावर सांगायला आलास, हे चांगलं झालं. आमच्याकडे लोक येतात ते तीन महिन्यांनी, पुन्हा रक्त पडल्यावर.”

“पण मला काहीच झालं नव्हतं,” नातू म्हणाला. “त्या तीन दिवसांत मला उलट बरं वाटत होतं.”

“वाटणारच,” बाई म्हणाल्या.

सोमवारी तो भिवंडीला गेला नाही. त्यानं मुकादमाला खरं कारण सांगितलं. मग खोलीतल्या नऊ जणांना एकेकाला फोन केला आणि खोकला असेल त्यानं तपासून घ्या म्हणून सांगितलं. दोघं तपासायला गेले.

माघ गेला, होळी आली. उन्हं तापू लागली. गहू आता सहा दिवसांत वाढे पण पात्या पिवळट आणि कडवट होत, आणि बुरशी लवकर धरे. पाड्याची विहीर तळाला गेली. भातसाचं धरण याच तालुक्यात आहे, तानसाही याच तालुक्यात, आणि त्यांचं पाणी मुंबईला जातं. पाड्यावर मात्र उन्हाळ्यात टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. म्हातारीनं एके दिवशी नऊही भांडी पालथी घातली.

“आता पुरे,” ती म्हणाली. “गव्हाचं काम झालं.”

गोळ्या चालू राहिल्या. नातू आता हंडे आणी, खाचरात राबासाठी पालापाचोळा आणि शेण पसरी, संध्याकाळी येऊन भिंतीवरच्या रेघा मोजी. सकाळची रेघ तो स्वतः ओढी, गोळी घशाखाली उतरल्यावर. वैशाखात सहा महिने भरले. त्यानंतर त्यानं आणखी तीन दिवस गोळ्या घेतल्या आणि त्या दिवसांच्या रेघा पुसलेल्या जागी ओढल्या.

शेवटच्या तपासणीत तो निरोगी निघाला. वजन बावन्न किलो भरलं. मृगाच्या पावसात राबात भात पेरला गेला, आषाढात त्यानं म्हातारीच्या बरोबरीनं चिखलात उभं राहून आवणी केली. पावसाळ्यानंतर तो पुन्हा भिवंडीला गेला. या वेळी त्यानं खोली पाहून घेतली. दोन खिडक्या होत्या, आणि त्यानं त्यांना जाळ्या बसवल्या.

गोष्ट एवढीच. ती ऐकणारे हमखास विचारतात, मग त्याला रसानं बरं वाटलं की नाही? थोडं वाटलं असेल. भूक लागलेल्या दुबळ्या शरीराला ताजं हिरवं काही मिळालं तर ते वाया जात नाही. गव्हांकुराचं कौतुक गेल्या शतकात अमेरिकेत सुरू झालं. चार्ल्स श्नाबेल या रसायनतज्ज्ञानं १९३० च्या सुमारास धान्याची कोवळी पाती कोंबड्यांना खाऊ घालून पाहिली, पुढे अ‍ॅन विग्मोर यांनी रसाचा मोठा प्रसार केला, आणि तिथून ते आपल्या शहरांत आलं. त्याच्या नावावर पुष्कळ दावे केले जातात. क्षय त्यानं बरा होतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. पोराला बरं केलं ते गोळ्यांनी. गव्हानं त्याला दाखवलं ते एवढंच, की आज सोडलेल्या दिवसाची जागा आज रिकामी दिसत नाही, आणि दिसेल तेव्हा ती भरायला हात पोहोचत नाही. शरीराच्या आत हे बघायची सोय नसते. पडवीत होती.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगासमोर मांडला, आणि नेहमीच्या क्षयावर आज सहा महिन्यांचा खात्रीचा उपचार आहे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळतं. उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी रुग्णाच्या खात्यात महिन्याच्या हिशेबानं पैसेही जमा होतात. २०१८ साली ही मदत ५०० रुपयांनी सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली आहे. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आशाताईंना सांगा आणि बेडका तपासून घ्या. औषध सुरू झालं असेल तर त्या माणसाच्या घरी जात राहा, त्याच्या ओटीवर बसा, चहा घ्या. गहू पेरायचा असेल तर बिनऔषधाचा घ्या आणि पाणी बेतानं घाला. आणि पाचव्या महिन्यात त्याला एकदा विचारा, आज गोळी घेतलीस का.